निळ्या कागदाचं पोलाद

चेलाडी फाट्याला सातारा रस्ता सोडून नसरापूर, विंझर करत वेल्ह्याच्या वाटेला लागलं, की नवरात्राच्या सुमारास रस्त्याकडेला एखादं पाल दिसतं. चार बांबू, वर ताडपत्री, खाली खड्ड्यात फुललेला कोळसा आणि जमिनीत निम्मी गाडलेली ऐरण. घिसाडी आलेले असतात. दोन्ही बाजूंच्या खाचरांत भात निसवून दाण्यानं भरत आलेलं असतं, वाऱ्यावर इंद्रायणीचा ओलसर सुगंध असतो आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं वर्षभर वळचणीला गंजत पडलेले विळे पोत्यात गुंडाळून घेऊन येतात. तिथं उभं राहून बघण्यासारखं काही असेल, तर ते नवरा-बायकोचं न बोलणं. तो सांडशीत लालभडक लोखंड धरून बसतो. ती समोर पदर खोचून उभी राहते आणि दोन्ही हातांनी घण घालते. त्याच्या उजव्या हातात लहानशी हातोडी असते. ती तो जिथं हलकेच वाजवतो, पुढच्या क्षणी घण नेमका तिथंच उतरतो. टिक्, धण्ण. टिक्, धण्ण. सूचना एवढीशी आणि अंमलबजावणी एवढी मोठी! एरवी जगात हे प्रमाण बहुतेक उलटंच पाहायला मिळतं.

लोखंड कुठलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "गाडीचा पाटा." भंगारात निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा. मला या उत्तराचं फार अप्रूप वाटतं. काल-परवापर्यंत जे लोखंड खंबाटकीच्या चढावर सिमेंटच्या गोण्यांखाली दबत होतं आणि माल उतरला की मुकाट्यानं पुन्हा आपल्या बाकात येत होतं, ते आता कुणाच्या तरी खाचरात गुडघाभर चिखलात उतरणार. वाकायचं, पण मोडायचं नाही, हे त्यानं सातारा रस्त्याच्या खड्ड्यांवर इतकं गिरवलेलं असतं की घिसाड्याला नव्यानं शिकवायचं फारसं काही उरत नाही. तो फक्त पाणी देतो, तेही बेतानं. जास्त झालं तर विळा दगडावर आपटून तुटणार, कमी झालं तर धार वळणार. मोजायला यंत्र नाही. पातं अर्धवट विझवून तो बाहेर काढतो आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसतो. आत उरलेल्या धगीनं पात्यावरून रंग सरकत येतात, आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळट. आणि त्यातला मनासारखा रंग धारेपाशी पोचला, की चुर्र करून पातं पुन्हा पाण्यात. संध्याकाळच्या आकाशाकडे असं बघणाऱ्याला लोक कवी म्हणतात. हा बिचारा विळ्याकडे बघतो.

एवढं सगळं करून तयार झालेल्या विळ्याला ना नाव, ना डबा. कृषी विद्यापीठवाल्यांचा तो दातेरी 'वैभव' विळा सोडला, तर नाव असलेला विळा मला माहीत नाही. बाकीचे सगळे नुसते विळे. आणि कोयत्याचं तर विचारूच नका. राबासाठी झाडावर चढून टाहाळ तोडणं, बांधाची झुडपं साफ करणं, कुडाला मेढी तासणं, अशी जन्मभर गाढवमेहनत करणारी ती वस्तू. अलीकडे पुण्याच्या वर्तमानपत्रांनी तिचं नाव असं काही बदनाम केलं आहे, की एस.टी.त कोयता पायाशी घेऊन बसलेला म्हातारा स्वतःच ओशाळून म्हणतो, "शेताचा हाय बरं का."

अशा मुलखात, तोरण्याच्या पायथ्याशी, माझ्या आत्याच्या घरी एक जपानी सुरी राहायला आली.

आली ती नातीमुळं. आत्याची नात पुण्यात जपानी शिकली. पुण्याला जपानचं वेड तसं जुनंच. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांड्यांच्या नावाची जी बाग आहे, ती ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवर बेतलेली आहे, आणि ती भाषा शिकवणाऱ्या वर्गांना तर पुण्यात तोटा नाही. पोरगी एकेक परीक्षा देत टोकियोला नोकरीला पोचली आणि निशी-कसाई नावाच्या भागात राहू लागली. तिथं आता आपली माणसं इतकी आहेत, की 2019 साली त्या एडोगावा विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक नावाचा मराठी माणूस निवडून गेला. मी मोठ्या अभिमानानं हे आत्याला सांगितलं, तर तिनं विचारलं, "सरपंच म्हनून का मेंबर म्हनून?" मेंबर म्हणून, असं म्हटल्यावर ती समजूतदारपणे म्हणाली, "हां, मंग व्हईल हळूहळू."

टोकियोत असाकुसा आणि उएनो यांच्या मध्ये काप्पाबाशी म्हणून एक बाजार आहे. हॉटेलवाल्यांना लागणारं जे जे म्हणून असतं, ते तिथं मिळतं. काचेच्या कपाटांत मेणाची आणि प्लास्टिकची नकली जेवणंसुद्धा मिळतात. सुऱ्यांची दुकानं तर ओळीनं. सुरी घेतली की दुकानदार तिच्यावर नाव कोरून देतो. हे ऐकून मला आमच्या लहानपणची भांड्यांची दुकानं आठवली. तिथला पोऱ्या थरथरत्या लेखणीनं किर्रर्र करत तांब्यावर 'चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून सप्रेम' असं लिहायचा आणि जागा संपली की 'सप्रेम' पुढच्या वळणावर घ्यायचा. जगाच्या पाठीवर माणूस कुठंही जावो, धातू घेतला की त्याला त्यावर नाव घालावंसं वाटतं. नातीनं आजीचं नाव घातलं. पण तिकडच्या लिपीत. ते घरात कुणालाच वाचता येत नाही. पात्यावरची ती चार-पाच उभी-आडवी फरकाटी म्हणजे आत्याचंच नाव आहे, यावर आख्ख्या घरानं विश्वास ठेवला आहे. सातबाऱ्यावर सुद्धा या घरानं आजवर इतका विश्वास ठेवलेला नाही.

ही सुरी नाकिरी जातीची, म्हणजे फक्त भाजीसाठी. पातं चौकोनी, टोक नाही, उंचीला चांगलं चार बोटं. पात्याच्या अंगावर पावसाळी ढगाची करडी छटा आणि धारेलगत एक उजळ, नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे दोन लोखंडांची शीव. मधे कडक पोलाद आणि त्याला दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाची पांघरुणं, अशी ही रचना; कापायचं काम पोलादानं करायचं आणि धक्के लोखंडानं सोसायचे. आपल्याकडचे जुने लोहारही कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद भरायचे ते याच हिशेबानं. ते पोलाद तिकडे यासुगी गावात तयार होतं, आणि कारखान्यात त्याच्यावर ज्या रंगाचा कागद लावतात त्यावरून त्याची जात ओळखली जाते: पांढरा कागद, निळा कागद. आमची सुरी निळ्या कागदाची. आपल्याकडे रेशनकार्डांची प्रतवारी अशीच रंगावरून होते, हे सांगितल्यावर आत्याला तो प्रकार लगेच पटला.

पण तिचं लक्ष पात्याकडे नव्हतंच. मूठ फिकट, हलक्या लाकडाची होती आणि जिथं पातं मुठीत शिरतं तिथं एक काळं, गुळगुळीत कडं होतं. त्याच्यावर तिनं अंगठा फिरवला, नखानं किंचित खरवडलं, नाकाशी नेलं आणि निर्णय दिला, "म्हशीचं शिंग हाय." नातीनं व्हिडिओ कॉलवरून चकित होऊन मान डोलावली. खरंच म्हशीचं शिंग होतं. आयुष्यभर म्हशींच्या शिंगांना हिंगूळ लावत आलेल्या बाईला ते न ओळखून कसं चालेल? सगळ्या त्या परक्या वस्तूत आपल्या गोठ्यातलं काहीतरी सापडल्यावर ती सैलावली आणि मग तिनं पहिल्यांदा विचारलं, "केवढ्याला पडली?" नात म्हणाली, "हजारभर रुपये, आजी." खरी किंमत मला ठाऊक होती. त्या पैशांत एक दुभती शेळी आली असती, करडासकट. मी गप्प राहिलो.

या सुऱ्यांचं मोठं माहेर म्हणजे ओसाकाजवळचं साकाई. तिथली लोहारकी पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि कामाची वाटणी अशी पक्की, की ठोकणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. एक सुरी तीन उंबरे ओलांडून बाहेर पडते. पण साकाईचं नाव झालं ते भाजीनं नव्हे, तंबाखूनं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू नेली, तिची पानं बारीक कातरायला सुऱ्या लागू लागल्या, साकाईनं त्या केल्या आणि पुढं तोकुगावांच्या राजवटीनं त्यांवर आपली मोहर दिली. हे वाचताना मला आत्याच्या कनवटीची मिश्रीची डबी आठवली. त्याच पोर्तुगीजांची तंबाखू आपल्याकडेही आली. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा दाखवली गेली, तीही विजापूरहून नेलेली. म्हणजे दख्खननं ती ओढायला त्याआधीच सुरुवात केली होती. एकाच बियाणातून तिकडं सुरी झाली आणि इकडं मिश्री. आत्याच्या काळ्याभोर दातांकडे आणि त्या करड्या पात्याकडे एकदम पाहिलं, की ही दोन चुलत भावंडं चारशे वर्षांनी एका चुलीपाशी भेटल्यासारखं मला उगीचच वाटतं.

तलवारींचंही तसंच. 1876 साली जपानी सरकारनं फर्मान काढलं, की यापुढं चारचौघांत कमरेला तलवार लावून फिरायचं नाही. सामुराईंची ऐट गेली आणि तलवारी घडवणाऱ्या लोहारांची रोजी. त्यांतले कितीतरी सुऱ्या, कात्र्या, विळे घडवू लागले. ज्या हातांनी शत्रूच्या मानेचा विचार केला, ते मुळ्याचा विचार करू लागले. दोनच वर्षांनी, 1878 साली, इंग्रजांनी हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा आणला. आमच्या भागात राजगड आणि तोरणा अशी थोरली घराणी समोर उभी, तेव्हा बाराबंदीतल्या पूर्वजाची एखादी तलवार असलेलं घर अजून सापडतं. ती माळ्यावर असते, म्यानात अडकून बसलेली, आणि खंडेनवमीला तिला जोर लावून बाहेर ओढावं लागतं. सामुराईची तलवार मोडीत निघाली ती भाजी चिरायला लागली. आमची देवळीत जाऊन बसली. आता वेल्हे तालुक्याचं नाव सरकारी कागदावर राजगड झालं आहे, आणि भोरच्या राजवाड्यात तलवारी खणाणतात त्या सिनेमाच्या, दुपारी जेवणाची सुट्टी घेऊन.

तर ती सुरी. कुणाच्या हातात हत्यार देऊ नये, भांडण होतं. सुईसुद्धा खाली ठेवावी, मग दुसऱ्यानं उचलावी, हा आमच्याकडचा नेम. त्यामुळं पेटी उघडली गेली ती जमिनीवर, आणि सुरी उचलायच्या आधी आत्यानं कनवटीचा एक रुपया काढून पेटीत ठेवला. म्हणजे भेट राहिली नाही, विकत घेतली. नाती तुटायचं भय गेलं. गंमत म्हणजे पेटीत आधीच एक भोकाचं नाणं होतं, पाच येनचं. तिकडंही सुरी भेट दिली की संबंध कापले जातात अशी शंका काढणारी म्हातारी माणसं असणार, म्हणून दुकानदारानं आपण होऊन उतारा घातला होता. अशा रीतीनं टोकियो आणि वेल्हे या दोन टोकांनी एकाच संकटाचा आपापल्या चलनात बंदोबस्त केला.

नातीनं सोबत सूचनांचा कागदही पाठवला होता, मराठीत उतरवलेला. वापरल्यावर लगेच धुवावी. धुतल्यावर लगेच कोरडी करावी. आंबट चिरून तशीच ठेवू नये. भांड्यांच्या ढिगात टाकू नये. हाड, नारळ, गोठलेलं काही यावर मारू नये. दिवसांनी पात्यावर डाग धरतील, ते घासून काढू नयेत, तेच तिला गंजापासून राखतात. मी हे मोठ्यानं वाचत होतो आणि आत्या एकेका सूचनेला हुंकार देत होती, कीर्तनात ओळखीचा अभंग लागल्यावर देतात तसा. यातलं एकही वाक्य तिला नवं नव्हतं. तिच्या लोखंडी विळीबद्दल तिनं घरात आलेल्या प्रत्येक सुनेला हेच सांगितलं होतं. फरक एवढाच, की ते छापलेलं नव्हतं म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. चिंचेचा कोळ लागलेली विळी रात्रभर मोरीत ठेवल्याबद्दल या घरात एकदा चार दिवस अबोला झाला होता. तो अबोला बरोबर होता, असा निवाडा जणू आज जपानहून लेखी आला.

पुढचा प्रश्न बसण्याचा. विळीवर चिरायचं तर माणूस खाली बसतो, पाट पायाखाली दाबतो, आणि पातं जागचं हलत नाही. वांगं हलतं. दोन्ही हातांत धरलेलं ते वांगं स्वतःहून धारेकडे चालत जातं, थोडंसं नाखुशीनं, आणि फोडी होऊन परातीतल्या पाण्यात पडतं. सुरीचं सगळं उलट. भाजी आडवी पडून राहते आणि हत्यार चालून येतं. वर उभं राहायचं, ओट्याकडे तोंड करायचं, म्हणजे घराकडे पाठ. विळीवर बसलेल्या बाईच्या भोवती आपोआप रिंगण होतं. कुणी वाल सोलतं, कुणी लसूण. शेजारीण टेकते, मूल येऊन गाजराचा तुकडा पळवतं. गावातली निम्मी सोयरीक त्या उंचीवर ठरलेली आहे. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला सोबत एकच, समोरच्या टाइलवरच्या सफरचंदाच्या चित्राची. आत्यानं यातून आपल्यापुरता तोडगा काढला. ती खालीच बसली, पुढ्यात पोळपाट उपडा घातला आणि त्याच्यावर कांदा ठेवून सुरी चालवली.

आवाज आला नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे: सुरी कांद्यावर टेकली आणि खाली पोळपाटापाशी दिसली, मधला प्रवास कुणालाच कळला नाही. कांदा दोन भाग होऊन क्षणभर तसाच उभा राहिला, आपल्याला काही झालं आहे हे त्याला अजून समजायचं होतं. मग चकत्या अशा निघाल्या, की पलीकडं ठेवलेल्या कागदावरची अक्षरं त्यांतून वाचता यावीत. सुना, नातवंडं, शेजारपाजार, सगळे थक्क. धाकट्या नातवानं दारातलं वर्तमानपत्र आणून त्याच्या पट्ट्या कापून दाखवल्या, मोबाइलवर दाखवतात तशा. त्या दिवशीची बातमी आम्हाला उभ्या चिरफळ्यांत वाचावी लागली. फक्त आत्या जरा खट्टू दिसली. बोथट पातं कांद्याच्या पेशी चेचतं, म्हणून डोळ्यांत झोंबतं. अशा धारेला त्या फारशा चेचल्याच जात नाहीत. बारा कांदे चिरून झाले तरी तिचे डोळे कोरडे. नात परदेशी गेल्यापासून रोज संध्याकाळी कांदा चिरताना ती पदर डोळ्यांना लावते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी त्यावर बोललं नव्हतं. त्या दिवसापासून सुरी कोशिंबिरीला आणि पाहुण्यांना; रोजच्या कांद्याला विळीच, असं तिनं जाहीर केलं. कारण दिलं ते गुडघ्यांचं.

पेटीचा मात्र तिनं ताबडतोब ताबा घेतला. पांढऱ्या, वजनहीन लाकडाची, झाकण हवेसारखं सरकणारी ती पेटी. तीत तिचं पासबुक, बीपीच्या गोळ्या आणि नातीचा शाळेतला एक फोटो राहू लागला, आणि सुरी फडताळात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात.

आखाडात व्हायचं ते झालं. मटण शिजायला टाकायची घाई, घरात जावई, आणि कुणीतरी फडताळातून हाताला लागलं ते पातं नळीवर मारलं. कुणी, हे आजतागायत ठरलेलं नाही. त्या घरात पोलीस पाटील असूनही तपास पुढं सरकलेला नाही. धारेला भाताच्या दाण्याएवढा खळगा पडला. हा निळ्या कागदाच्या पोलादाचा स्वभावच आहे. त्यात कर्ब भरपूर, म्हणून ते कडक. कडक म्हणून धार महिनोन्‌महिने टिकते. आणि कडक म्हणूनच ते वाकत नाही, टवका सोडतं. आमचा पाट्याचा विळा त्याच नळीवर मारला असता तर धार नुसती मुडपली असती, आणि उंबऱ्याच्या दगडावर चार हात मारले की पुन्हा कामाला हजर. मोठ्या घराण्यातल्या मानी माणसासारखी ती सुरी एका अपमानानं कायमची दुखावली. नातीला कळवायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. व्हिडिओ कॉलवर सुरी दाखवायची वेळ आली, की तिची शाबूत बाजू पुढं करत.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला पाटावर लाल कापड घालून घरातली सगळी हत्यारं मांडली गेली. ती अडकून बसलेली तलवार, कोयते, विळे, खुरपं, नांगराचा फाळ, नातवाची पान्ह्यांची पेटी, विळी, आणि शेवटी, जरा मागं, खळग्याची बाजू भिंतीकडे करून, ती. सगळ्यांना गंध, हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. जपानातही एक दिवस असा असतो, हे मी आत्याला सांगितलं. काही ठिकाणी 8 फेब्रुवारीला, काही ठिकाणी 8 डिसेंबरला बायका वर्षभरात मोडलेल्या सुया देवळात घेऊन जातात आणि टोफूच्या मऊसूत वडीत टोचून ठेवतात. जन्मभर जाडंभरडं शिवून दमलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून. आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, "टोफू म्हंजी?" सोयाबीनच्या दुधाचं पनीर, म्हटलं. "चांगली हायती मानसं," ती म्हणाली आणि झेंडूचं आणखी एक फूल उचलून तिनं सुरीवर ठेवलं.

दसरा झाल्यावर विळे शेवटून घ्यायला आम्ही पालावर गेलो. पोत्याच्या तळाशी लुगड्याच्या तुकड्यात सुरी होती. घिसाड्यानं सगळे विळे बाजूला सारून आधी तीच उचलली. पात्यावर नखानं टिचकी मारली आणि कान दिला. ती उजळ नागमोडी रेघ बोटानं वाचत गेला, शिंगाच्या कड्यावर थांबला, पुन्हा धारेवर आला. खळग्यापाशी त्याचा चेहरा असा झाला, जसा गुरांच्या डॉक्टरचा होतो. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आहे. तो फिरवणाऱ्या पोराला त्यानं थांबायला सांगितलं.

"याला जाळ दाखवायचा न्हाई," तो म्हणाला. "ज्यानं पानी दिलंय त्यानं जीव लावून दिलंय. मी तापवलं तर सगळं उतरून जाईल. निसण्यावर घासा, पानी टाकत टाकत. आठवडाभर घासा. खळगा जाईल."

पैसे किती, विचारलं तर म्हणाला, कशाचे? मी हातच लावला नाही.

तोवर त्याच्या बायकोनं घण बाजूला टेकवून सुरी हातात घेतली होती. तिनं ती उलटीपालटी केली, वजन तोललं. "कितीला घेतली, आजी?"

"हजाराला!" आत्या ठसक्यात म्हणाली.

बाई हसली. "हजारात असल्या चार देते की. पाट्याच्या. हाडावर मारा न्हाईतर दगडावर."

आत्यानं तिला आपादमस्तक पाहिलं. मग खाली बसली, ऐसपैस, आणि मला म्हणाली, "पोरगी दिवाळीला येतीया ना रं?" येतेय, म्हटलं. "तिकडं तिला रोज ह्येच लागतं. इतकी नाजूक घिऊन कशी नांदायची?" आणि बाईकडे वळून, "एकच कर. अशीच चौकोनी. पर मूठ बाभळीची लाव, अन् हितं कडं पायजे, शिंगाचं."

"शिंग कुठनं आणू?"

"शिंग मी दीन. बोल, कितीला?"

"अडीचशे."

"दीडशे."

"आजी, घण मी घालते, तुम्ही न्हाई."

"बरं, दोनशे घे. पर नीट बांधून दे. इमानानं जायाची हाय ती, जपानला."

बाई पुन्हा हसली, घणाचा दांडा हातात घेत म्हणाली, "दोनशे तर दोनशे. पण डबा न्हाई मिळायचा."

"डबा हाय माझ्याकडं," आत्या म्हणाली.